पाठीवरची चूल आणि गोड घास

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं आपण म्हणतो. पण त्या बिऱ्हाडात चूल नसते. बिऱ्हाडातली बाकी सगळी चीजवस्तू एक वेळ पाठीवर घेता येते; अंथरूण, कपडे, पीठमीठ, भांडी, सारं काही गाठोड्यात बांधता येतं. चूल मात्र माणसाला एका जागी बांधून ठेवते. तिला बूड लागतं, आडोसा लागतो, सरपण लागतं. घर सोडून निघालेला माणूस, मग तो सैनिक असो, दर्यावर्दी असो, की डोंगर चढणारा असो, चूल मागे ठेवून निघत असे आणि वाटेत तीन दगड मांडून नवी चूल करत असे. पण जिथे दगड नाहीत, लाकूड नाही, नुसतं बर्फ आहे, तिथे काय? चूलच पाठीवर घेऊन जाता येईल का? आणि नेलीच, तर तिच्यावर नुसतं पाणी उकळायचं, की घरच्यासारखं काही भाजायचं, एखादा गोड घासही करायचा?

वाचकहो, या साध्या प्रश्नांची उत्तरं शोधताना माणसांनी काय काय केलं, त्याची हकीकत मी आज सांगणार आहे. राजेरजवाड्यांच्या आणि लढायांच्या इतिहासात तिला जागा मिळत नाही. पण तिच्यात माणसांचे प्राण गेले आहेत आणि वाचलेही आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. उकळणं वेगळं आणि भाजणं वेगळं. पाणी उकळायला खालून ज्योत लागली की पुरे. पाणी आपणच वरखाली फिरतं आणि सगळीकडे सारखं तापतं. पिठाच्या गोळ्याचं तसं नाही. त्याला चहूबाजूंनी कोरडी आणि बेताची आच हवी. एकाच ठिकाणी जाळ लागला तर बूड करपतं आणि पोटात कच्चं राहतं. भट्टीला जाड भिंती असतात त्या याचसाठी. भिंती तापतात आणि मग सावकाश, सगळीकडून उष्णता परत देतात. आता सांगा, ही भट्टी पाठीवर कशी घ्यायची?

आपल्याकडच्या बायांनी यावर फार पूर्वीच तोड काढलेली होती. कोकणात काकडीचं धोंडस करतात ते कसं? पातेल्यात मिश्रण घालायचं, खाली मंद विस्तव ठेवायचा आणि झाकणावर निखारे ठेवायचे. गोव्यातलं बेबिंक थराथराने भाजतात, तेही वरच्या निखाऱ्यांच्या आचेवर. विदर्भ-मराठवाड्यात रोडगे आणि खानदेशात बट्ट्या गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजतात. तत्त्व एकच. खालची आच कमी, वरची आच जास्त, मध्ये पदार्थ कोंडलेला. युरोप-अमेरिकेत याच कामासाठी बिडाचं, जड झाकणाचं भांडं वापरत. इंग्लंडात अब्राहम डार्बी या कारागिराने १७०७ साली वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं आणि अशी भांडी स्वस्त झाली. अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या बैलगाड्यांतून ती भांडी गेली. त्यांच्या झाकणाला उभी कड असे, म्हणजे वर ठेवलेले निखारे घसरत नसत. पण बिडाचं भांडं गाडीतून न्यायचं. पाठीवरून नेणाऱ्याचं कंबरडंच मोडायचं.

हलक्या चुलीचा ध्यास घेणाऱ्यांत पहिलं ठळक नाव एका आचाऱ्याचं आहे. अलेक्सी स्वाये हा जन्माने फ्रेंच, लंडनच्या रिफॉर्म क्लबातला नामांकित मुदपाकी. आयर्लंडात बटाट्याचं पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा १८४७ साली डब्लिनला जाऊन याने हजारो भुकेल्यांना सूप पुरवणारं अन्नछत्र उभं केलं. १८४९ च्या सुमारास त्याने मेजावर ठेवण्याजोगी स्पिरिटची एक चिमुकली चूल बाजारात आणली. तिला त्याने ‘जादूची चूल’ असं भपकेबाज नाव दिलं. पण त्याचं खरं काम झालं ते क्रिमियाच्या युद्धात. तिथे इंग्रज सैनिकांना लढाईपेक्षा रोगराईने आणि निकस अन्नाने अधिक मारलं. प्रत्येक शिपाई आपला शिधा आपणच, आपल्या पत्र्याच्या डब्यात, मिळेल त्या ओल्या काटक्यांवर शिजवी. १८५५ साली स्वाये आपण होऊन तिकडे गेला आणि स्कुटारीच्या इस्पितळात, जिथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल काम करत होती, तिथला मुदपाकखाना त्याने सुधारला. पुढे आघाडीवर त्याने आपली लष्करी चूल नेली. पत्र्याचं पिंप, आत बंदिस्त जाळ आणि वर भांडं. थोड्या सरपणात पुष्कळांचं अन्न शिजे, आणि जाळ आत असल्यामुळे वाऱ्या-पावसाची फिकीर नसे. ब्रिटिश सैन्याने ही चूल थोड्याफार फरकाने विसाव्या शतकातही वापरली. पण तीही खेचरावर लादायची वस्तू. एकट्या वाटसरूच्या पाठीवरची नव्हे.

एकट्यादुकट्याने चूल पाठीवर घेऊन डोंगर ओलांडल्याचं ठळक उदाहरण मिळतं ते सोन्याच्या लोभाचं. १८९६ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या वायव्य भागात, क्लाँडाइक नदीच्या खोऱ्यात सोनं सापडलं. १८९७-९८ साली हजारो माणसं तिकडे धावली. वाटेत चिलकूट नावाची खडी खिंड होती. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे असत. वर्षभर पुरेल इतका शिधा जवळ नसेल तर ते पुढे सोडत नसत. शिधा आणि सामान मिळून एकेकाचं ओझं जवळपास टनभर होई. ते बर्फात खोदलेल्या पायऱ्यांवरून, थोडंथोडं करून, अनेक खेपांत वर न्यायचं. या ओझ्यात सगळ्यांत मोठा वाटा पिठाचा असे, आणि त्याच्याबरोबर पातळ पत्र्याची एक चूल असे. तंबूत ती मांडायची, लाकूड घालायचं आणि तिच्या पोटात पाव भाजायचा.

पाव फुगवायला खमीर हवं. ते तिथे मिळणार कुठून? मग ही माणसं आंबवलेल्या पिठाचा एक गोळा जपून ठेवत. पाव करताना त्यातला थोडा काढायचा, नवं पीठ आणि पाणी घालून उरलेला पुन्हा वाढवायचा. आपल्या घरी विरजण राखतात तसंच. थंडीत तो गोठून मरू नये म्हणून तो अंगाशी धरून झोपत असत. तिथे हिवाळा काढलेल्या मुरब्बी माणसाला ‘सोअरडो’ म्हणजे ‘आंबट कणीक’ हेच नाव पडलं. पाहा ना! सोनं शोधायला आलेल्या माणसाची ओळख सोन्यावरून पडली नाही. त्याने जपलेल्या पिठाच्या गोळ्यावरून पडली.

पण पत्र्याच्या चुलीला लाकूड हवंच. जिथे झाडच उगवत नाही अशा प्रदेशात ती निरुपयोगी. त्या प्रदेशासाठी जी चूल जन्माला आली, ती तुम्हाआम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे. तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात ती होती. पितळेची टाकी, तीन पाय, वर बर्नर आणि कुशीत पंप.

१८९२ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने हा बिनवातीचा रॉकेलचा स्टोव्ह बनवला. नाव ठेवलं ‘प्रायमस’. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘पहिला’ असा होतो. वातीच्या चुलीत रॉकेल अर्धवट जळतं, धूर होतो आणि भांड्यांना काजळी धरते. लिंडक्विस्टने रॉकेल सरळ जाळायचंच नाही असं ठरवलं. आधी काकडा स्पिरिटमध्ये बुडवून पेटवायचा आणि बर्नर तापवायचा. मग पंप मारला की टाकीतल्या हवेच्या दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळ्यांत त्याची वाफ होते, ती वाफ सुईच्या अग्राएवढ्या भोकातून जोराने बाहेर पडते, हवेशी मिसळते आणि निळ्या ज्योतीने फरफर जळते. काजळी नाही, धूर जवळजवळ नाही आणि आच प्रखर. ज्यांच्या घरी स्टोव्ह होता त्यांच्या कानांत तो आवाज अजून असेल.

ध्रुवप्रदेशाच्या प्रवाशांनी हा स्टोव्ह लगेच उचलला. त्याचं कारण तुमच्या चटकन लक्षात येणार नाही. तिथे सगळीकडे पाणीच पाणी, पण गोठलेलं. एक ग्रॅम बर्फ नुसतं वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत तेवढंच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं! म्हणजे पेलाभर पाणी पिण्यासाठीसुद्धा इंधन जाळायचं. तिथे रॉकेल संपलं की अन्नच नव्हे, पाणीही संपलं.

नॉर्वेचा फ्रिट्योफ नान्सेन हे गणित पक्कं ओळखून होता. त्याने १८८८ साली ग्रीनलंड आडवं ओलांडलं, तेव्हा त्याच्याजवळ स्पिरिटची चूल होती. त्याने भांड्यांची एक युक्तिबाज रचना केली. मध्ये अन्नाचं भांडं, त्याच्याभोवती कड्यासारखं दुसरं भांडं, त्यात बर्फ, वर आणखी एक बर्फाचं भांडं आणि या सगळ्यावर झाकण. ज्योतीची उष्णता बाहेर निसटण्याआधी तिच्याकडून दोन-तीन कामं करून घ्यायची. पुढच्या मोहिमेत त्याने या भांड्यांखाली प्रायमस ठेवला. मार्च १८९५ मध्ये तो आणि यालमार योहानसेन आपलं ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाच्या दिशेने बर्फावरून निघाले आणि ८६ अंश १४ कलांपर्यंत पोहोचले. त्यापूर्वी तितक्या उत्तरेला कोणी गेल्याची नोंद नव्हती. परतताना त्यांना एका ओसाड बेटावर, दगडांच्या भिंती आणि वॉलरसच्या कातड्याचं छप्पर असलेल्या खोपटात सारा हिवाळा काढावा लागला. रोज अस्वलाचं मांस. १८९५ चा नाताळ आला. त्यांनी अंगातले मळके सदरे उलटे करून घातले, हाच सणाचा पोशाख! आणि जपून ठेवलेला थोडा पाव चरबीच्या तेलात तळून त्याचं पक्वान्न केलं. वाचकहो, पोट तर अस्वलाच्या मांसानेही भरत होतं. मग तो पाव कशाला? आज सण आहे, आपण अजून माणसं आहोत, हे स्वतःला सांगण्यासाठीच ना?

असाच दुसरा प्रसंग १९०२ च्या नाताळातला. दक्षिण ध्रुवाकडे निघालेले तिघे इंग्रज, स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन, उपासमारीने जेरीस आले होते. शिधा कमी केलेला, चाल मोठी. नाताळच्या दिवशी जेवण झालं आणि शॅकल्टनने आपल्या सामानातला जादा मोजा काढून त्यातून क्रिकेटच्या चेंडूएवढं मनुकांचं पुडिंग बाहेर काढलं! इतके आठवडे हा मनुष्य ते ओझं गुपचूप ओढत होता. उपाशी असूनही त्याने त्याला हात लावला नव्हता. स्टोव्हवर ते गरम केलं आणि तिघांनी वाटून खाल्लं.

आता या हकीकतीतला सगळ्यांत दुःखाचा भाग येतो. १९११ साली दक्षिण ध्रुवासाठी दोन तुकड्या निघाल्या. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन आणि इंग्लंडचा तोच रॉबर्ट स्कॉट. आमुंडसेनच्या तळावर लिंडस्ट्रोम नावाचा आचारी होता. तो रोज सकाळी बकव्हीटच्या पिठाच्या, म्हणजे आपल्या उपासाच्या कुट्टूच्या पिठाच्या, गरमगरम गोड पोळ्या करून वाढी. स्कॉटच्या तळावर क्लिसोल्ड नावाचा आचारी होता. कणीक पुरेशी फुगली की विजेची घंटा वाजावी अशी करामत त्याने केली होती. म्हणजे तळावर दोन्हीकडे खाण्यापिण्याची हयगय नव्हती. खरी कसोटी पुढे, वाटेवर होती.

वाटेवर दोघांकडे प्रायमस होता, दोघांनीही परतीच्या वाटेसाठी ठिकठिकाणी शिध्याचे आणि रॉकेलचे साठे ठेवले होते. फरक एवढाच की आमुंडसेनने आपले रॉकेलचे डबे डाख देऊन पक्के बंद केले होते. स्कॉटच्या डब्यांच्या झाकणांना चामड्याचे वायसर होते. भयंकर थंडीत ते आक्रसले आणि रॉकेल हळूहळू उडून, झिरपून गेलं. आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचला आणि सुखरूप परतला. स्कॉट आणि त्याचे चार साथी १७ जानेवारी १९१२ रोजी पोहोचले. त्याआधी नाताळच्या दिवशी त्यांनी पठारावर तंबूत स्टोव्ह पेटवून मनुकांच्या पुडिंगसह चांगलं चारी ठाव जेवण केलं होतं. परतीच्या वाटेवर मात्र साठ्यामागून साठ्यावर डब्यांत रॉकेल कमी भरू लागलं. एक साथी आधी गेला, दुसरा मार्चमध्ये वादळात बाहेर निघून गेला. उरलेले तिघे पुढच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर वादळात अडकले. स्कॉटच्या रोजनिशीवरून कळतं, की त्या शेवटच्या मुक्कामी दोन दिवस पुरेल इतकं जेमतेम अन्न होतं, पण रॉकेल होतं प्रत्येकी दोन कप चहापुरतं. शेवटची नोंद २९ मार्च १९१२ ची आहे. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तो तंबू सापडला.

केवळ रॉकेल गळलं म्हणून ते मेले, असं म्हणणं सोपं होईल, पण पुरतं खरं होणार नाही. अवेळी आलेली कडाक्याची थंडी, थकवा, अपुरं अन्न, माणसाने स्वतः ओढायच्या घसरगाड्या, सगळ्याच गोष्टी त्यांच्या विरुद्ध गेल्या. पण डब्याच्या तोंडाचा तो चामड्याचा तुकडा या इतिहासात आहेच. विद्यार्थ्यांना आपण शौर्य शिकवतो. डाख देण्याचं महत्त्वही शिकवलं पाहिजे.

स्टोव्हच्या टिकाऊपणाची एक नवलाची साक्षही इथेच सांगतो. १८९७ साली आंद्रे हा स्वीडिश अभियंता दोन साथीदारांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे उडाला आणि नाहीसा झाला. तेहतीस वर्षांनी, १९३० साली, क्वितोया बेटावर त्यांचा मुक्काम सापडला. माणसांची हाडं राहिली होती. त्यांचा प्रायमस मात्र जवळजवळ शाबूत होता, इतका की तो पुन्हा चालू करता आला असं सांगतात.

आता बर्फाळ सपाटीवरून आपण हिमालयात येऊ. उंचावर एक नवीन अडचण उभी राहते. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतेवर उकळू लागतं. तीन हजार मीटरवर ते सुमारे ९० अंशांना उकळतं. एव्हरेस्टच्या माथ्यावर सुमारे ७० अंशांना. पाणी खळखळतंय, पण डाळ शिजत नाही, ती याचमुळे. तव्याला मात्र हवेच्या दाबाची पर्वा नसते. तो हवा तितका तापतो. म्हणून डोंगरावर उकडण्यापेक्षा भाजणं अनेकदा बरं पडतं. तिथेही काळजी घ्यावी लागते. दाब कमी म्हणून सोडा घातलेलं पीठ भराभर फुगतं आणि मग मधोमध बसतं. त्यासाठी सोडा थोडा कमी घालायचा. आतला ओलावा लवकर उडतो, म्हणून पाणी थोडं जास्त घालायचं.

१९५२ च्या मे महिन्यात स्विस मोहिमेतले रेमों लांबेर आणि शेर्पा तेनसिंग एव्हरेस्टवर सुमारे ८,४०० मीटरवर एक रात्र राहिले. जवळ झोपायच्या पिशव्या नव्हत्या आणि स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीवर बर्फ वितळवून मिळालं तेवढं घोटभर पाणी ते प्याले. दुसऱ्या दिवशी ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले आणि तिथून परतले. पुढच्या वर्षी इंग्रजांच्या मोहिमेत ग्रिफिथ प्यू नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. त्याने बजावून सांगितलं की उंचावर माणूस दर श्वासाबरोबर पाणी गमावतो, म्हणून दिवसाला तीन-चार लिटर पेय पोटात गेलंच पाहिजे. म्हणजेच उंचावर चांगला स्टोव्ह आणि पुरेसं रॉकेल पाहिजे. २८ मे १९५३ च्या रात्री शेवटच्या तंबूत तेनसिंग आणि हिलरी यांनी प्रायमस पेटवला, सूप केलं, साखर घातलेलं लिंबाचं पाणी पोटभर प्याले. जर्दाळूंचा एक डबा होता, तो दगडासारखा गोठला होता. तो स्टोव्हवर वितळवून त्यांनी खाल्ला. सकाळी हिलरीचे बूट गोठलेले निघाले, तेही त्याच स्टोव्हवर शेकून मऊ केले. आणि २९ मे रोजी माथ्यावर पोहोचल्यावर तेनसिंगने काय केलं? बर्फात लहानसा खळगा करून त्यात चॉकलेट, बिस्किटं आणि गोळ्या ठेवल्या. देवाला नैवेद्य दाखवला! जगातल्या सर्वांत उंच जागी माणसाने अर्पण केलेली वस्तू म्हणजे खाऊ होता.

हाच स्टोव्ह आपल्या घरांतही आला होता. मुंबईच्या चाळींत, तालुक्याच्या गावी मास्तरांच्या बिऱ्हाडात, बदलीवर फिरणाऱ्या कारकुनाच्या ट्रंकेत. चुलीसमोर डोळे चोळणाऱ्या बायांना त्याने धुरातून सोडवलं. पिन करणं, काकडा पेटवणं, वायसर बदलणं हे शब्द घराघरांत रुळले. त्या स्टोव्हवर आपल्या बायांनी ओव्हनही केला. जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर द्यायचा, वाळू तापवायची, तिच्यावर ताटलीत नानखटाई किंवा केकचं भांडं ठेवायचं आणि वर घट्ट झाकण. वाळू म्हणजे भट्टीची जाड भिंतच! इस्रायलमध्येही १९४९ नंतर टंचाईची दहा वर्षं गेली. घरोघरी ओव्हन नव्हते. तेव्हा मधोमध नळकांड्यासारखं भोक असलेलं ॲल्युमिनियमचं एक भांडं तिथे लोकप्रिय झालं. स्टोव्हवर आधी धातूची चकती आणि तिच्यावर हे भांडं. गरम हवा मधल्या भोकातून वर चढते, झाकणाखाली फिरते आणि केक वरूनही भाजला जातो. कोकणातून तिकडे गेलेल्या आपल्या मराठीभाषक बेने इस्रायली लोकांच्या नव्या संसाराचाही हाच काळ.

पण या स्टोव्हने आपल्याकडे प्राणही घेतले, हे लपवू नये. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ हा मथळा आपल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत राहिला. त्यांतले काही खरोखरीचे अपघात होते, आणि काहींच्या आड हुंडा होता, छळ होता, खून होता. पितळेच्या निर्जीव टाकीवर दोष ढकलून माणसं मोकळी होत. स्त्रियांच्या चळवळींनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा १९८३ साली दंडसंहितेत कलम ४९८-अ आणि १९८६ साली कलम ३०४-ब आलं. चुलीचा इतिहास लिहिणाऱ्याने हे पान वगळून चालणार नाही.

पुढची कहाणी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सैन्याने कोलमन कंपनीकडून शिपायाच्या पाठपिशवीत मावेल असा पेट्रोलचा छोटा स्टोव्ह बनवून घेतला. १९५१ साली स्वीडनच्या ट्रँगिया कंपनीने स्पिरिटची, वाऱ्यात न विझणारी चूल आणली. फ्रान्समधून गॅसच्या लहान डब्यांच्या चुली पसरल्या. आज गिर्यारोहकाची चूल मुठीत मावते. तिच्यावर हौशी मंडळी डोंगरात केक, पाव, बिस्किटं भाजतात आणि त्यांची युक्ती आपल्या धोंडसाहून निराळी नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गासमोर जरूर करून दाखवावा. एक झाकणाचं पातेलं घ्या. तळाशी तीन सारखे खडे ठेवा. त्यांवर छोटा डबा ठेवा, म्हणजे डब्याखाली आणि सभोवती हवा राहील. पातेल्यात दोन बोटं पाणी घातलंत तर पदार्थ वाफेवर होईल. कधी करपणार नाही, पण तांबूसही होणार नाही. पाण्याऐवजी वाळू घातलीत तर खरपूस भाजेल, पण लक्ष ठेवावं लागेल. एकाच पिठाचे दोन भाग करून दोन्ही तऱ्हा करून पाहा. उष्णता कशी वाहते, हा धडा मुलं जन्मात विसरणार नाहीत. दोन पथ्यं मात्र कटाक्षाने पाळा. गॅसचा डबा ज्योतीच्या खालीच असेल अशा चुलीवर रुंद भांडं किंवा तापलेली वाळू ठेवू नका. उष्णता परतून डबा तापतो आणि फुटू शकतो. आणि बंद तंबूत किंवा बंद खोलीत चूल पेटवू नका. १९३४ साली अंटार्क्टिकात एकटा राहिलेला अमेरिकन ॲडमिरल बर्ड आपल्या खोपटातल्या स्टोव्हच्या आणि विजेच्या यंत्राच्या विषारी वायूने मरता मरता वाचला. त्या वायूला ना रंग असतो ना वास.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर मुलांना नेताना तर छोटी चूल बरोबर घ्यावीच. तिथे तीन दगड मांडून जाळ केला की वाळलेलं गवत पेटतं आणि सबंध डोंगर काळा होतो. शिवाय झाडं तुटतात आणि गडाचे जुने चिरे काळवंडतात.

शेवटी एवढंच सांगतो. या साऱ्या हकीकतीत चूल लहान लहान होत गेली, पण माणसाची मागणी लहान झाली नाही. खोपटातला नान्सेन, मोज्यात पुडिंग जपणारा शॅकल्टन, माथ्यावर खाऊ ठेवणारा तेनसिंग, यांपैकी कोणालाही केवळ पोट भरायचं नव्हतं. त्यांना कोणाबरोबर तरी वाटून खायचं होतं, देवाला काही द्यायचं होतं, सण साजरा करायचा होता. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, की प्रवासात, यात्रेत, वारीत, बदलीच्या गावी त्यांनी चूल कशी पेटवली, सणाला तिच्यावर काय गोड केलं आणि कसं केलं. मुलांकडून ते लिहून घ्या. ज्यांनी तीन दगडांवर, काकड्याच्या स्टोव्हवर सणाचा घास केला, ती पिढी आता थोडीच उरली आहे. त्यांच्याजवळचा इतिहास कोणत्याही पुस्तकात नाही. तो आपणच लिहून ठेवायचा आहे.